मामांच्या पायाला बसलेली कापशी

थोरल्या मामांना भेट देणं किती अवघड आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, रिटायर होऊन १६ वर्षं झाली. हातात आलेली कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायची, सांधा कुठे आहे ते शोधायचं आणि तो कधी सुटेल हे सांगायचं, ही सवय अजून गेलेली नाही. मी दिलेलं मनगटी घड्याळ ‘पट्टा घाम धरतोय’ म्हणून परत आलं. पाय दाबायचं मशीन शेजारच्या आजींकडे गेलं. शाल एका सत्कारात दुसऱ्याच्या खांद्यावर पडली. शर्टाला दोनऐवजी एकच खिसा होता, तो घडी न मोडता कपाटात आहे. हे सगळं ते रागानं करत नाहीत. वस्तू वापरायची नसेल तर ती ज्याला उपयोगी पडेल त्याला द्यावी, एवढंच त्यांचं म्हणणं. पण अकरावी-बारावीची दोन वर्षं मी त्यांच्या घरी राहून शिकले आहे. माझ्या हातची एक तरी वस्तू त्यांनी झिजेपर्यंत वापरावी, असं मला फार मनापासून वाटायचं.

गेल्या दिवाळीत तशी वस्तू मिळाली. कोल्हापुरात मापावर शिवून घेतलेली कापशी, म्हणजे कोल्हापुरी चपलेचा पातळ, हलका प्रकार. आता चार महिने वापरून झाली आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुमच्याही घरात असं कोणी असेल तर उपयोग होईल.

चप्पलच का, ते आधी सांगते. मामा ड्युटीवर बूट घालायचे, पण घरी आले की पायात कापशीच. गावातले एक कारागीर त्यांना दर दोन-तीन वर्षांनी जोडी करून द्यायचे. ते गेले, त्यांची मुलं दुसऱ्या कामाला लागली, आणि तेव्हापासून मामा रबरी स्लिपर घालतात. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मामीच एकदा म्हणाली, ‘त्यांची जुनी पायताणं अजून माळ्यावर हायेत, टाकू देत न्हाईत.’ मी माळ्यावर चढून ती पाहिली. तळ झिजून कागदासारखा झालेला, अंगठ्याची वादी दोनदा बदललेली, पण पट्ट्याची एकही शिवण सुटलेली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी एका वेबसाइटवरून मी त्यांच्यासाठी कोल्हापुरी मागवली होती. फोटोत सुंदर दिसत होती. खोक्यातून काढली तर वरचा पट्टा रेक्झिनचा, तळाला डिंकानं चिकटवलेलं रबर आणि शिवण नुसती दिसायला मारलेली. मामांनी नाकाजवळ नेली आणि म्हणाले, ‘चामडं नव्हं ह्ये. रॉकेलचा वास येतोय.’ तरी माझ्यासाठी चार दिवस घातली. पाचव्या दिवशी अंगठा उपटून हातात आला. ती जोडी बघताना त्यांचा चेहरा उतरला होता, आणि तो माझ्यामुळे, हे मला बरेच दिवस टोचत राहिलं.

म्हणून या वेळी ठरवलं, कोल्हापूरला स्वतः जायचं आणि माप घेऊनच जायचं.

पण माप मिळवायचं कसं? मामांना विचारलं असतं तर ‘नको’ हे एकच उत्तर आलं असतं. हे काम मामीनं केलं. मामा अंघोळ करून बाहेर येतात तिथं तिनं फरशीवर वर्तमानपत्र पसरून ठेवलं. ‘फरशी निसरडी झालीया, यावर पाय द्या.’ ओले पाय कागदावर उमटले. ते सुकायच्या आत तिनं पेन्सिलीनं कडा गिरवल्या, ‘डावा’, ‘उजवा’ असं लिहिलं आणि घडी करून डब्यात ठेवलं. हे माप नंतर इतकं उपयोगी पडलं की मी सगळ्यांना हेच करायला सांगते. बुटाचा आठ-नऊ नंबर सांगून कापशी नीट बसत नाही. पावलाची रुंदी आणि अंगठ्याची जाडी नंबरात कळत नाही.

गणपती विसर्जनानंतरच्या शनिवारी मी पुण्याहून निघाले. पितृपंधरवडा चालू होता, त्यामुळे शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनमध्ये गर्दी नव्हती. अंबाबाईचं दर्शन घेऊन चालत गेलं की ही ओळ लागते. दोन्ही बाजूंना दुकानं, दारात टांगलेल्या जोड्या आणि हवेत तेल लावलेल्या चामड्याचा वास. घाईत असाल तर इथून तयार जोडी घेऊन निघता येतं, आणि चांगली जोडी मिळते सुद्धा. मला दाखवल्या त्या ८०० पासून ३००० रुपयांपर्यंत होत्या. पण बघायची कशी ते माहीत हवं. मी जे शिकले ते असं. कडेला कापलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी दिसलं पाहिजे. मध्ये निळसर-करडी छटा असेल तर ते रसायनात, क्रोममध्ये कमावलेलं आहे. तळाची शिवण दोऱ्याची नसून चामड्याच्याच बारीक वादीची असते. टाचेत खिळा नसतो. आणि वास घ्यायला लाजू नका, दुकानदाराला त्यात वावगं वाटत नाही.

एका दुकानातल्या काकांनी मला प्रकार समजावून सांगितले, आणि मी काही विकत घेणार नाही हे कळल्यावरही बोलण्यात फरक पडू दिला नाही. कापशी आणि कुरुंदवाडी ही नावं गावांवरून आली. पायताण जाड तळाचं, शेतात-रानात चालायला. कापशी पातळ, हलकी, पायालगत बसणारी. चपलेच्या दोन बाजूंना जे छोटे पंख असतात त्यांना कान म्हणतात. कान पाऊल धरून ठेवतात आणि पट्टा त्यांनाच जोडलेला असतो. कापशीचे कान लहान, पट्ट्यावर वेणी आणि हवा असेल तर मध्ये लाल गोंडा. मापाचं काम करून देणारे कारागीर सुभाषनगरात भेटतील, हेही त्यांनीच सांगितलं. आपलं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवणारा दुकानदार मला फार दिवसांनी भेटला.

सुभाषनगरातल्या ज्या घरी मी पोचले तिथं पुढची खोली म्हणजेच कारखाना होता. तिथले कारागीर काका खाली बसून रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या हत्यारानं, तळ कापत होते. त्यांच्या मागं दाराच्या उजेडात मावशी आणि त्यांची सून बकऱ्याच्या मऊ चामड्याच्या सुतळीएवढ्या पट्ट्यांच्या वेण्या घालत बसल्या होत्या. कोल्हापुरी म्हटलं की ज्या नक्षीकडे आपलं पहिल्यांदा लक्ष जातं, ती वेणी बहुतेक घरांत बायकाच घालतात. मावशींचा वेग बघण्यासारखा होता. माझ्याशी बोलताना त्यांनी एकदाही हाताकडे पाहिलं नाही.

मी वर्तमानपत्र उलगडलं. काकांनी ते जमिनीवर ठेवलं, वरून तळहात फिरवला आणि विचारलं, ‘उजव्या अंगठ्याला काय लागलंय का यांच्या?’ मी बघतच राहिले. मामांच्या उजव्या अंगठ्यावर वर्कशॉपमध्ये जॅक पडला होता, माझ्या जन्माच्या आधी. अंगठा तेव्हापासून जाड आणि थोडा आत वळलेला आहे. ओल्या ठशात तो नुसताच थोडा पसरट दिसत होता. काका म्हणाले, ‘मग डाव्या-उजव्याला अंगठा येगळा कापावा लागंल. तयार मालात तो आवळनार आन् मानूस चप्पल सोडून देनार.’ मामांना गेल्या काही वर्षांत कुठलीच चप्पल का चालत नव्हती, ते मला तिथं बसल्या बसल्या कळलं. त्यांच्या नावडीतल्या निम्म्या गोष्टींना असं काहीतरी खरं कारण असेल आणि ते कधी कोणाला सांगत नसतील, हेही त्या क्षणी डोक्यात आलं.

पुढचा तासभर मी तिथंच होते. तळासाठी म्हशीचं चामडं. ते बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेलं. या पद्धतीला आठवडे लागतात, म्हणून ते महाग पडतं, पण पायाला लागत नाही आणि तेल पीत पीत मऊ होत जातं. तळ एकच नसतो. वरचा, खालचा आणि टाचेचे थर असे एकावर एक ठेवून, आरीनं भोक पाडून, वादीनं शिवत नेतात. मी मनात म्हटलं, मामा याला गाडीखालच्या स्प्रिंगचे पाटे म्हणणार. (भाऊबीजेला त्यांनी अगदी तोच शब्द वापरला.)

दर २४०० रुपये सांगितला, निम्मे आगाऊ. मी घासाघीस केली नाही. दोन माणसांचे दोन-तीन दिवस त्या जोडीत जातात, हे समोर बसून पाहिल्यावर शंभर रुपयांसाठी तोंड उघडवत नाही. काकांनी विचारलं, करकर वाजणारी हवी का? मामांना आवाज आवडणार नाही, म्हणून नको म्हटलं. रंगही नको, नुसता चामड्याचा बदामी. गोंडा मात्र मी ठेवायला सांगितला. मला आवडतो म्हणून. ती चूक होती.

बोलता बोलता प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीचा विषय निघालाच. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये त्या कंपनीनं कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. इकडून ओरड झाल्यावर, आपल्याला प्रेरणा इथल्या हातकामातून मिळाली हे त्यांनी मान्य केलं. आपल्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे हे नाव ठरावीक भागातल्या मालाचंच अशी नोंद, मिळालेलं आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात येतात. मला वाटलं होतं, काका चिडून बोलतील. ते म्हणाले, ‘त्या बातमीनंतर पोरं फोन करून इचारायला लागली, खरी कशी वळखायची. ह्ये बरं झालं.’ आणि पुन्हा रापी हातात घेतली.

आता तक्रारीची बाजू. जोडी दसऱ्यानंतरच्या रविवारी, ५ ऑक्टोबरला मिळायची होती. मिळाली १२ ला. पावसानं उघडीप दिली नाही आणि तळ नीट वाळल्याशिवाय शिवायला घेणार नाही, असं काकांनी फोनवर सांगितलं. उशीर झाला तरी त्यांचं बरोबर होतं. ओल्या तळाची चप्पल पुढे वाकडी होते. पण दिवाळी २०-२२ तारखांच्या आसपास असेल तर ऑर्डर गणपतीच्या आधी द्या, माझ्यासारखं सप्टेंबरच्या मध्यावर जाऊ नका. कुरियरची सोय त्यांच्याकडे धड नाही. मी एका ओळखीच्या माणसाकरवी जोडी मागवली. हिशोबाची पावती हातानं लिहिलेली आणि दुरुस्तीची हमी तोंडी. मला ती पुरेशी वाटली. ज्यांना छापील बिल आणि परत करायची सोय लागते त्यांनी दुकानातूनच घ्यावी.

२३ ऑक्टोबरला भाऊबीज होती. आई आणि मी कराडजवळच्या गावी गेलो. आईनं मामांना ओवाळलं, जेवणं झाली, आणि मी पिशवी पुढे केली. ‘कशाला आनलंस? घरात काय कमी हाय का?’ हे झालंच. मग जोडी बाहेर निघाली आणि मामा गप्प झाले. उलटी केली. टाचेवर अंगठ्यानं ठोकून पाहिलं. मधून वाकवली, सोडली, परत वाकवली. नाकाजवळ नेली. वादीचा एकेक टाका नखानं चाचपत पुढपासून टाचेपर्यंत गेले. आम्ही कोणी बोलत नव्हतो. शेवटी उजवी चप्पल हातात धरून त्यांनी अंगठ्याच्या कडीत बोट घातलं, डावीच्या कडीत घातलं, पुन्हा उजवीच्या. आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘ह्ये त्येला कसं कळलं?’

मी वर्तमानपत्राची गोष्ट सांगितली. मामी पदर तोंडाला लावून हसत होती. मामा तिच्याकडे बघून म्हणाले, ‘तरीच म्हनलं, फरशी कवा निसरडी झाली!’

पायात घातली, अंगणात दोन चकरा मारल्या. परत येऊन खिशातून एक रुपया काढला आणि माझ्या हातावर ठेवला. पायताण फुकट घेऊ नये, नात्यात वितुष्ट येतं, असं आमच्याकडे मानतात. तो रुपया मी पाकिटात वेगळा ठेवला आहे. मग त्यांनी मामीकडून ब्लेड मागून घेतलं आणि लाल गोंडा मुळापासून कापला. ‘तमाशाला जायाचं न्हाई मला. बाकी चालंल.’

मामांच्या तोंडचं ‘बाकी चालंल’ काय असतं, ते आमच्या घरच्यांनाच कळेल.

पहिले आठ दिवस उजव्या पट्ट्याखाली थोडं घासलं. कापशी कितीही चांगली असली तरी सुरुवातीला पाऊल आणि चामडं यांची एकमेकांशी ओळख व्हावी लागते. मामांनी रात्री पट्ट्याच्या आतून आणि कानांना एरंडेल चोळलं, सकाळी अर्धाच तास घातली, दुसऱ्या दिवशी तासभर, असं वाढवत नेलं. नवव्या दिवसानंतर तक्रार नाही. एक मात्र काळजीनं सांगते. मामांना साखर नाही. तुमच्या घरच्या माणसाला मधुमेह असेल आणि पावलांना कमी जाणवत असेल, तर नवी अंगठ्याची चप्पल भेट देऊ नका. घासून फोड आला तरी त्यांना कळत नाही, आणि ती जखम पुढे त्रास देते.

बाकीचे दोषही आहेत. ओल्या फरशीवर ती सरकते, म्हणून मामा न्हाणीघराकडे जाताना अजून रबरीच स्लिपर घालतात. पावसाळ्यात ती घालायचीच नाही. तेल लावून, कागदात गुंडाळून, हवा लागेल अशा जागी ठेवायची. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर बुरशी येते. चुकून भिजलीच तर सावलीत वाळवायची, उन्हात नाही, नाहीतर तळ ताठून चिरतो. मऊ गादीच्या चपलांची सवय असणाऱ्याला तळ कडक वाटेल. मामांना तो कडकपणाच आवडतो. त्यांच्या मते पावलाखाली जमीन लागली पाहिजे.

संक्रांतीला गेले तेव्हा जोडी दारात होती. बदामी रंग जाऊन गडद तांबूस तपकिरी झाला होता, टाचेच्या जागी पावलाचा खळगा पडला होता. डाव्या टाचेची बाहेरची कड जराशी झिजलेली. मामा रोज सकाळी देवळापर्यंत आणि संध्याकाळी स्टॅंडवर जातात, जुन्या ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींच्या कट्ट्यावर. तिथं त्यांनी चप्पल काढून सगळ्यांना तळाची शिवण दाखवली, हे मला त्यांच्याकडून नाही, मामीकडून कळलं. दोघांनी कारागिराचा पत्ता मागितला म्हणे.

गेल्या रविवारी फोन आला. मामा स्वतः फोन करतात तेव्हा बहुतेक काहीतरी मोडलेलं असतं, म्हणून मी आधी चपलेचंच विचारलं. ‘चांगली हाय की. तिला काय झालंय?’ मग इकडचं तिकडचं बोलणं झालं, उसाला तोड मिळाली का, माझा मुलगा काय करतो. ठेवता ठेवता म्हणाले, ‘बाळ, त्यो आपला पेपरचा कागद... त्येच्याकडं हाय न्हवं अजून?’

मी सुभाषनगरात फोन लावून विचारलं. आहे. काकांनी तो भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवला आहे, आणि त्यावर खडूनं लिहिलंय, ‘कराड मेकॅनिक, उजवा अंगठा सैल’.